मूळ पुरुषाची बायको

माझ्या सासऱ्यांना माणूस दिसला की त्याचं मूळ गाव विचारल्याशिवाय चैन पडत नाही. रिक्षावाला असो, दाताचा डॉक्टर असो, "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न ठरलेला. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या आडनावाच्या कुलवृत्तांताचं काम करतात. कोण कुठल्या शाखेतला, कुणाचा मुलगा दत्तक गेला, कुणाचा वंश खुंटला, सगळं तोंडपाठ. दुकानातून आणायला सांगितलेलं जिरं मात्र लक्षात राहत नाही.

असा हा माणूस दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे वोल्फ्सबुर्गला येतो. इथे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ज्याला त्याला कारखान्याची शिफ्ट आणि आपली गाडी. शेजारी "हालो" म्हणतात आणि दार लावून घेतात. मूळ गाव विचारायचं कुणाला? मग ते खिडकीत बसून सुस्कारे सोडतात, आणि ते सुस्कारे मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतात.

गेल्या वर्षी ते आले तेव्हा माझ्या मुलीला सातवा महिना संपत आला होता. तिचा नवरा, म्हणजे आमचा जावई, दक्षिण आफ्रिकेतला, पार टोकाच्या केपचा. त्याचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी डच कंपनीच्या जहाजातून तिथे गेले, द्राक्षं लावली आणि तिथलेच होऊन बसले. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांच्या जिभेवर प्रश्न वळवळत होते, पण "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये" असं मी त्यांना ठणकावलं होतं आणि तेव्हा त्यांनी ऐकलंही होतं. या वेळी मात्र जावयानेच घात केला. एका रविवारी जेवताना तो सहज म्हणाला, "आजोबा, आमच्याकडेही असतो असा वंशवृक्ष. माझ्या आत्याने सगळा जमवलाय."

झालं! सासऱ्यांच्या हातातली पुरी हातातच राहिली.

त्यांच्यात पद्धत अशी की मूळ पुरुषाला ए म्हणायचं, त्याच्या मुलांना बी एक, बी दोन, नातवंडांना सी. प्रत्येक माणसाला अशी अक्षर-आकड्यांची माळ, ती वाचली की तो कुणाचा कोण ते कळतं. लग्नाने आलेल्या बायकांना मात्र अक्षर नाही. सासरे अक्षरशः नाचायचे बाकी होते. "अगं, हे तर आपल्याहून बरं आहे! आपण नुसत्या रेघा मारत बसलो!" त्या दिवसापासून जावयाची आत्या तिकडून व्हिडिओवर आणि हे इकडून. तिचं इंग्रजी एका तऱ्हेचं, यांचं दुसऱ्या तऱ्हेचं, पण एकमेकांचं बोलणं त्यांना बरोबर कळायचं. दोघेही बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडून बोलायचे. जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींचे फोटो तिने धाडले. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. माझं जेवणाचं टेबल त्या फोटोंच्या प्रिंटांनी भरलं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

गंमत म्हणजे त्यांचा मूळ पुरुष डच नव्हताच. इथून गाडीने तासाभरावरच्या एका खेड्यातला जर्मन, पोटासाठी डचांच्या जहाजावर चाकरीला गेलेला. "म्हणजे जावई परत माहेरी आले म्हणायचे!" सासरे खूश. एकदा जावयाने एका पानाच्या तळाशी बोट ठेवलं. म्हणाला, ही नावं आमच्या माणसांची नाहीत, आमच्या माणसांनी विकत घेतलेल्या माणसांची आहेत. नुसतं नाव, आणि पुढे जिथून आणलं तो मुलूख. सासऱ्यांनी चष्मा पुसून ती नावं वाचली. "यांचा वृत्तांत कोण लिहिणार?" असं म्हणाले. 

इथवर सगळं ठीक होतं. मग एका दुपारी आत्या बोलता बोलता म्हणाली, "आणि तो आमच्या घराण्याचा रोग, तो तर माहीतच असेल तुम्हाला."

कुणालाच माहीत नव्हता. रक्तातून उतरणारा आजार. उन्हाने हातावर फोड येतात, पोटात असह्य कळा येतात, आणि भुलीची काही औषधं तर त्या माणसाच्या जिवावर बेततात. कुणाला आयुष्यभर काही होत नाही, पण पुढच्या पिढीला देऊन जातो. आत्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की तो मूळ पुरुषाच्या बायकोबरोबर आला. वरच्या खोऱ्यातल्या चुलत्यांमध्ये आहे, एका मास्तरांच्या घरात आहे. आपल्या शाखेत कधी ऐकला नाही, असं ती म्हणाली, पण मग तिचाच आवाज बारीक झाला. तिचा भाऊ, म्हणजे जावयाचे वडील, एका साध्याशा ऑपरेशननंतर शुद्धीवरच आले नव्हते. डॉक्टर हृदय म्हणाले होते. तेव्हा जावई शाळेतही जात नव्हता.

आता खरं तर शहाण्या माणसाने इथे तोंड मिटावं. पण पुढच्या रविवारी जावई आणि मुलगी जेवायला आलेली असताना सासऱ्यांनी पट्टी घेऊन तक्ता पुढे ओढला. मूळ पुरुष, शेजारी एक गोल, ती त्याची बायको, खाली रांगेने त्यांची मुलं. पट्टीचं टोक एकेका पिढीवरून खाली सरकत जावयावर येऊन थांबलं. "म्हणजे ती बाई तुमची थेट पूर्वज," ते म्हणाले. "म्हणजे तो आजार तुमच्यात असू शकतो. वडिलांचंही बघा, जुळतंय." आवाजात, देवा शपथ, गणित सुटल्याचा आनंद होता.

मुलीने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने ताट बाजूला सारलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र लहानपणापासून जर्मनमध्ये देते. त्या दिवशी ती नुसती उठली. जावयाने तिचा कोट आणला, दोघं गाडीत बसून निघून गेली.

मी सासऱ्यांवर असा तोंडाचा पट्टा सोडला की काय सांगू. "बाबा, नसते उद्योग कुणी सांगितले होते तुम्हाला? पोटुशी पोर ती! तिच्यासमोर पट्टी फिरवता?" ते म्हणाले, "अगं, खरं ते खरं." मी म्हटलं, "खरं असलं म्हणून ताटात वाढायचं नसतं!" नवरा मध्ये पडला, "जाऊ दे गं, टेस्ट करतील, कळेल." त्यालाही एक ऐकवली. इंजिनियर माणूस, त्याला सगळ्याच गोष्टींची टेस्ट करता येते असं वाटतं.

टेस्ट झालीच. डॉक्टरांची चिठ्ठी, मग त्या खास विभागाचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मग जावयाचं रक्त. जावयात असला तर बाळात येण्याची निम्मी शक्यता. निकालाला काही आठवडे लागतील, असं तिथे गोड हसून सांगितलं. इथे सगळ्यालाच काही आठवडे लागतात.

ते दिवस मला आठवू नयेत असे वाटतात. मुलगी फोनवर "आलेस गुट, ममा" एवढंच म्हणायची, सगळं ठीक आहे, आणि मला तिच्या श्वासावरून कळायचं की काही ठीक नाही. बाळाचा पाळणा खोक्यातच पडून राहिला, जोडायला घेईनात. मी डोहाळजेवणाचं विचारलं तर म्हणाली, नको. मी रागाने धुसफुसत होते, पण खरं सांगायचं तर घाबरले होते. राग काढायला सासरे समोर होते म्हणून बरं. तेही बिचारे एका पोळीवर आले होते. मला दिसत होतं, पण मी काही विरघळले नाही.

त्यातच मला राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बोलावणं आलं. इतकी वर्षं आळस करून शेवटी मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, त्याचं काहीतरी अडलं होतं. टेबलापलीकडे माझ्याच वयाची बाई, चष्मा साखळीला लावलेला. तिने माझा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "आडनाव लग्नाने बदललं, ते समजलं," ती म्हणाली. "पण पहिलं नावही वेगळं आहे. ही दुसरी बाई कोण?"

"दुसरी कुठली? मीच ती," मी म्हटलं.

मग सांगत बसले. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, अजूनही काही घरांत आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, मग सगळ्यांना पेढे. त्या दिवसापासून ती मुलगी त्या नावाची. बाई ऐकत होती. तिला खोटं वाटत नव्हतं, पण डोक्यातही शिरत नव्हतं. "आमच्याकडे आडनाव बदलतं. पण स्वतःचं नाव? ते कोण बदलेल? कधीच कुणी बदललेलं नाही." मग चष्मा काढून तिने मला विचारलं, अगदी साधेपणाने, "मग त्या पहिल्या मुलीचं काय झालं?"

मी हसण्यावारी नेलं. लग्नाचं सर्टिफिकेट आणि भाषांतर आणून देते म्हटलं आणि खाली आले. गाडीत बसले, पट्टा लावला, किल्ली फिरवली आणि तशीच थांबले. कधीच कुणी बदललेलं नाही. अगं बाई! आणि आमचे बाबा?

आमचे बाबा कुलवृत्तांतातले मुरलेले. त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी कसरत हीच. एका कागदात बाईचं माहेरचं नाव, दुसऱ्यात सासरचं, आणि नवखा माणूस त्या एकाच बाईच्या दोन बायका करून ठेवतो. बाबा अशा बायका शोधून शोधून जोडतात. त्याचा त्यांना केवढा अभिमान! बाप्तिस्म्याच्या त्या पानांवर पहिल्या काही मुलांच्या आईचं एक नाव होतं आणि पुढच्यांच्या आईचं वेगळं, हे मी स्वतः पाहिलं होतं. बाबांनी मला तेव्हा डोळा मिचकावून सांगितलंही होतं, "इथेच लोक फसतात बघ."

मला भाजी आणायची होती. भाजी गेली खड्ड्यात. मी तडक घरी आले, बूटसुद्धा काढले नाहीत.

"बाबा, मूळ पुरुषाच्या बायकोची दोन नावं होती ना?"

"हो. एक माहेरचं, एक सासरचं," ते म्हणाले. आवाज थकलेला.

"अहो बाबा, यांच्यात नावं बदलत नाहीत! कधीच नाही. ज्याचं नाव वेगळं ते माणूसच वेगळं!"

 त्यांनी प्रिंट ओढल्या, चष्मा सारखा केला.  तिसरं मूल आणि चौथं मूल यांच्यामध्ये बरीच वर्षं रिकामी होती. "मला वाटलं, नोंद गहाळ झाली असेल," ते पुटपुटले. "मी म्हटलं, एवढा काळ... अरे देवा. पहिली गेली. त्याने दुसरी केली." त्यांनी बोट टेकवून जावयाची शाखा वरवर नेली. ती चौथ्या मुलाला जाऊन मिळाली. दुसरीच्या मुलाला.

"आणि आजार कुठल्या बायकोबरोबर आला?" मी विचारलं.

त्यांनी सरळ आत्याला फोन लावला. आत्या द्राक्षाच्या वेलींत उभी होती, वाऱ्याने आवाज तुटत होता. नावं बदलतात का, हे ऐकून तिला प्रश्नच कळेना. "बायका इथे स्वतःच्याच नावाने जगल्या आणि मेल्या, बदलेल कोण?" मग बाबांनी ओरडून विचारलं, आजारी असलेले सगळे कुणाचे वंशज? ती बोटांवर आठवायला लागली. खोऱ्यातले चुलते दुसऱ्या मुलाचे. मास्तरांचं घर थोरल्या मुलीचं. केपच्या शहरातली ती दोन भावंडं, तीही थोरलीचीच. "आणि चौथ्यापासून पुढचे?"  मग ती हळूच म्हणाली, "कुणीच नाही. आमच्यात कुणीच नाही. आम्ही तर म्हणायचो, आमच्या शाखेवर देवाची कृपा." आणि ती रडायलाच लागली. "म्हणजे माझ्या भावाचं हृदयच होतं," असं दोनदा म्हणाली.

बाबा खुर्चीत मागे टेकले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे पळाला. मी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही त्याच पेल्यातून प्यायले.

मुलीला मी फोन केला नाही, गाडी काढली आणि बाबांना घेऊनच गेले. तिच्या दारात उभे राहून बाबांनी आधी हात जोडले. "चुकलो गं बाई. दोन बायकांची एक केली मी. तुमच्या शाखेत तो आजार नाही." मग तिथेच उभ्या उभ्या सगळं समजावलं, पट्टीशिवाय. मी मध्येच म्हटलं, डॉक्टरांचा निकाल येईपर्यंत पक्कं म्हणता येणार नाही, पण मला काही कुणी ऐकत नव्हतं. मुलगी दाराची चौकट धरून खाली बसली. जावई तिच्या शेजारी बसला. आणि मग ती चक्क मराठीत म्हणाली, "जाऊ द्या ना आजोबा. आत या. चहा घ्या."

त्याच संध्याकाळी पाळणा जोडला. एक स्क्रू उरला, तो कुठला ते अजून कळलेलं नाही.

डॉक्टरांचा निकाल आला तो आठवड्याभराने. जावयात आजार नाही. मी देवापुढे साखर ठेवली, आणि खरं सांगते, मनातल्या मनात त्या दुसऱ्या बाईलाही हात जोडले. कोण कुठली, कुठल्या जहाजाने आली, दुसरेपणावर दिलेली. आम्ही तिला पार पुसून टाकलं होतं, आणि ती होती म्हणून माझं नातवंड सुखरूप होतं.

मुलगी झाली. गोरी, केस काळेभोर, आवाज आमच्याकडचा. बाबांच्या परतीच्या तिकिटाआधी बारसं उरकायचं ठरलं, तेव्हा जावयाने घसा खाकरला. त्यांच्यात म्हणे जुनी रीत आहे, पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव.

"छे छे!" बाबा उसळले. "जिवंत माणसाचं नाव ठेवतात का कुठे? आणि पोरीला हाक मारायची, रागवायचं, ते आजीच्या नावाने? शोभतं का ते?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "आईचं हे नाव नाही. पहिलं. जन्माचं."

मला वाटलं बाबा आणखी भडकतील.  त्यांनी खिशातून पेन काढलं, परत खिशात ठेवलं. "ते चालेल," ते म्हणाले. "त्या नावाचं आपल्या घरात कुणी नाहीच." त्यांनी ते अगदी कामातल्या माणसासारखं सांगितलं, मन दुखवायला नाही.  पण मी फोडणीचं निमित्त करून आत गेले आणि मोहरी न घालताच तेल तापवत उभी राहिले.

बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं माझ्याकडे आलं.  ते नाव शेवटचं मोठ्याने माझ्या आईने घेतलं होतं, फोनवर, आणि तिलाही जाऊन वर्षं झाली. मग मी ते नाव बाळाच्या कानात सांगितलं, आणि जमलेल्या बायकांनी पाठीत धपाटे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. बाबा हॉलमध्ये पाळण्याशी बसले होते. त्यांनी पणतीला लाडाने, लांबवून, नावाने हाक मारली.

मी पिठाच्या हातांनी "ओ" दिली.